दिवसपाळीचा पेशंट

१

नाइट करून घरी आलेल्या बाईला हे जग झोपू देत नाही, असं माझं ठाम मत आहे. कोणाला पटत नसेल तर त्यानं बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीत एक सकाळ काढून बघावी.

आधी शाळेच्या व्हॅना. मग भंगारवाल्याचा भोंगा. मग गॅसवाला, जो टाकी खाली ठेवत नाही, आपटतो. मग शेजारच्या पंचफुलामावशींचा टीव्ही, त्यात दोन बाया सकाळपासून एकमेकींवर ओरडत असतात. समोरच्या प्लॉटवर स्लॅबचं काम. आणि या सगळ्यावर आमचा कूलर. चालू ठेवला तर घरघरतो, बंद केला तर माणूस भाजून निघतो. वर्ध्याचा एप्रिल आहे हा, काही लाडाचा नाही.

मी रक्षा थूल. दवाखान्यात सगळे मला थूल सिस्टर म्हणतात. बायकांचा वॉर्ड, कंत्राटी नोकरी, आणि नाइट लावायची वेळ आली की मेट्रन मॅडमना माझंच नाव आधी आठवतं. होळीपासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. पडायचे, कूस बदलायचे, पंख्याच्या पात्यांवरची धूळ बघायचे. मग चिडून उठायचे. चिडलं की झोप आणखी लांब जाते हे मलाही कळतं, ते सांगायला कोणी शहाणं यायची गरज नाही.

एका सकाळी, ड्युटी संपता संपता, मी इन्सुलिन भरलेली सिरिंज घेऊन भलत्याच खाटेपाशी उभी राहिले. त्या आजीला साखरेचा आजारच नव्हता. तिनं बिचारीनं काही न विचारता दंड पुढे केला. सुई टेकणार एवढ्यात मागून कोणीतरी माझं मनगट धरलं.

"थूल सिस्टर," सरिता माझ्या कानाशी म्हणाली, "ते बाजूची खाट हाय."

सरिता ताकसांडे माझ्याबरोबर ड्युटी करते. माझ्याहून लहान, पण डोकं जागेवर. तिनं ही गोष्ट कोणाला सांगितली नसती. आजीच्या सुनेनं सांगितली.

मेट्रन मॅडम ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. "रक्षा, अजून एकदा असं झालं तर मी तुझ्यासाठी शब्द टाकू शकणार नाही," एवढंच म्हणाल्या. नोकरीची भीती होतीच. पण घरी येऊन पडले की डोळ्यांपुढे यायचा तो दंड. सुरकुतलेला, विश्वासानं पुढे केलेला. पुढच्या वेळी सरिता मागे नसली तर काय, या विचारानं उरलीसुरली झोपही गेली.

२

झोप न येणाऱ्या नर्सेससाठी ऑनलाइन उपचार चालतो, असं मेट्रन मॅडमनीच शोधून काढलं. गोळी नाही, इंजेक्शन नाही. पुण्याची एक बाई मोबाइलवर बोलणार आणि इकडे मला झोप लागणार. मी मनात म्हटलं, चला, एवढंच राहिलं होतं.

बाईचं नाव केतकी. वयानं माझ्याएवढीच असेल. चांगली होती बोलायला, खोटं कशाला सांगू. पण तिचे नियम ऐकून माझं डोकं फिरलं.

"सिस्टर, बेड फक्त झोपण्यासाठी. बेडवर मोबाइल नाही, खाणं नाही, काळज्या नाहीत."

"काळज्या मग कुठे ठेवू मॅडम? फ्रिजमध्ये?"

ती हसली. "आणि झोप येत नसेल तर पडून राहायचं नाही. उठायचं. दुसऱ्या खोलीत जाऊन काहीतरी कंटाळवाणं करायचं. डोळे जड झाले की परत बेडवर. बेड म्हटला की झोप, एवढंच शरीराला शिकवायचंय."

आमच्या घराला खोल्याच दोन. समोरची आणि आतली. स्वयंपाकाचा ओटा समोरच्या खोलीतच, भिंतीच्या आडोशाला. तरी म्हटलं, करून बघू, सिरिंज हातात घेऊन चुकण्यापेक्षा बरं.

दुसऱ्याच दिवशी मी नियमाप्रमाणे पडले, झोप आली नाही, नियमाप्रमाणे उठले. आता यात एक गोष्ट सांगायला हवी. नर्स खाटेवरून उठली की तिचे हात गप्प राहत नाहीत. ट्रेनिंगमध्ये ट्यूटर मॅडमनी खाट लावणं आमच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की झोपेतही जमावं. कोणी येणार नसेल तर बंद खाट: चादर उशीपर्यंत ओढून सगळं झाकलेलं. पेशंट येणार असेल तर उघडी खाट: पांघरायची चादर पायथ्याशी घड्या घालून दुमडलेली आणि उशीच्या अभ्र्याचं तोंड दाराच्या उलट बाजूला. अशी खाट दिसली की वॉर्डबॉय काही विचारत नाही. स्ट्रेचर आणतो आणि पेशंटला झोपवतो.

मी परत येऊन झोपणारच होते, म्हणून मी उघडी खाट लावली. हातांनीच लावली, मी विचारसुद्धा केला नाही.

समोरच्या खोलीत बसून मी लसूण सोलला. डोळे जरा जड झाल्यासारखे वाटले तशी आत गेले. पायथ्याशी दुमडलेली चादर उशीपर्यंत वर आलेली होती.

मी म्हटलं, विसरले असेन. हल्ली मी काय विसरत नाही?

३

पण ते रोज होऊ लागलं. मी खाट उघडी लावायची, लसूण सोलायची, आत यायची, तर चादर वर. एकदा उशीला खळगा. एकदा गादीवर हात ठेवला तर ऊब. एप्रिलमधल्या गादीची ऊब वेगळी असते, ती सगळीकडे सारखी असते. ही मधोमध होती आणि माणसाएवढी लांब.

संध्याकाळी मी नवऱ्याला धरलं. रत्नदीप देवळीला तालुक्याच्या ऑफिसात आहे, रोज मोटरसायकलनं जाणं-येणं.

"अवो, तुमी दुपारी घरी आलते का?"

"मी? कायले येतो मी दुपारी? साहेब पानी प्यायले उठू देत नाई, अन् घरी कुठी येऊ?"

"मंग माह्या खाटेवर कोन झोपलं होतं?"

तो बूट काढता काढता थांबला. "तूच झोपली असशीन."

"मी झोपली असती तं तुमाले विचारत बसली असती का?"

"तुले मालूम नसन पडलं. तू घोरते बी, थे तरी कुठी मालूम हाय तुले?" आणि आपल्याच विनोदावर खुश होऊन तो हातपाय धुवायला गेला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

केतकी मॅडमनं मात्र ऐकून घेतलं. "असं होतं सिस्टर. खूप जणांना झोप लागते, पण लागली हे कळतच नाही. तुम्ही परत जाऊन झोपत असाल, थोड्या वेळानं उठत असाल, आणि मधलं काही आठवत नसेल. ही चांगली खूण आहे."

मला काय आनंद झाला! म्हणजे मी झोपते. गादी ऊब धरते ती माझीच. त्या दिवशी मी मुद्दाम आरशात जाऊन चेहरा बघितला. डोळ्यांखाली तीच काळी वर्तुळं. ओट्यावरचं लसणाचं भांडं काठोकाठ भरलेलं. झोपले असते तर एवढा लसूण कोणी सोलला?

४

मग एका दुपारी मला श्वास ऐकू आला.

मी समोरच्या खोलीत होते, हातात लसूण. लाइट गेली होती म्हणून कूलर बंद होता, आणि घर एकदम गप्प झालं होतं. आतल्या खोलीतून श्वास येत होता. खोल, एकसारखा, मध्ये कुठे अडखळ नाही. माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यावर गेली आणि मी मोजायला लागले, जसं वॉर्डात मोजते. गाढ झोपलेल्या माणसाचा श्वास होता. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या उशाशी उभी राहून तो ऐकत आले आहे, त्यात माझी चूक व्हायची नाही.

कोणी म्हणेल, भीती वाटली असेल. वाटली, पण नंतर. आधी आला तो संताप. माझी खाट, माझी उशी, मी स्वतः धुतलेली चादर, आणि त्यावर हे कोण पसरलंय निवांत? मी इथे डोळे ताणून लसूण सोलते आणि हे घोरतंय? मी ताडकन उठले. दाराशी गेले, कडीला हात लावला.

आणि कडी वाजू नये म्हणून हळूच सोडली.

झोपलेल्या पेशंटला उठवायचं नसतं. मी परत येऊन खुर्चीत बसले. तेव्हा ध्यानात आलं की कित्येक दिवस मी घरात अनवाणी चालते आहे. भांडी घासताना नळ बारीक सोडते आहे. भंगारवाल्याला परवा मीच गल्लीच्या तोंडाशी थांबवून भोंगा बंद करायला लावला होता, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

एवढ्यात दार वाजलं. पंचफुलामावशी.

"रक्षा, कढीपत्ता हाय का वं?"

मी तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला मावशी. पेशंट झोपला हाय."

माझं मलाच ऐकून तोंडात मारल्यासारखं झालं. मावशींनी आतल्या दाराकडे बघितलं. "कोन? सासू आली का तुई?"

मी मान हलवली, कशी हलवली तेही आठवत नाही. मावशी बिचाऱ्या पावलं न वाजवता परत गेल्या. त्या दिवसापासून त्यांचा टीव्ही बंद झाला. समोरच्या स्लॅबवाल्यांनाही त्यांनीच दटावलं. होळीपासून मी ज्या शांततेसाठी तडफडत होते ती गल्लीत आली, आणि मला तिचा काही उपयोग नव्हता.

५

"मला तुमची झोपायची खोली बघू द्या," केतकी मॅडम पुढच्या वेळी म्हणाली. "उजेड कुठून येतो, पडदे कसे आहेत, ते बघून सांगते."

मी श्वासाचं तिला सांगितलं नव्हतं. काय सांगणार? उद्या मेट्रन मॅडमना कळवलं की थूल सिस्टरला भास होतात, मग कोणतं कंत्राट आणि कसलं काय. मी मोबाइल घेऊन आत गेले. खाट उघडी लावलेली होती, चादर पायथ्याशी, रिकामी. मी माझ्या डोळ्यांनी बघत होते.

मोबाइल फिरवला. खिडकी दाखवली, पडदा दाखवला, खाट दाखवली.

केतकी मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "अगं बाई. सॉरी हं, मला माहीत नव्हतं. आपण बाहेर जाऊन बोलू या का?"

"काऊन?" माझ्या तोंडून घरातलीच भाषा निघाली.

"मिस्टर झोपलेत ना," ती कुजबुजली. "उगाच झोपमोड होईल त्यांची."

मी स्क्रीनकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं, नंतर कितीदा वाटलं. ती जे बघत होती ते स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मलाही दिसलं असतं. मी समोर खाटेकडे बघत राहिले, तिथे काहीच नव्हतं, आणि मी पावलं न वाजवता मागे सरत खोलीच्या बाहेर आले. दार लोटून घेतलं. हळू.

"रात्रपाळी असते का त्यांनाही?" ती विचारत होती.

मी म्हटलं, "हो."

६

मग माझ्यातली बाई जागी झाली. म्हटलं, खूप झालं. हे घर आहे, दवाखाना नाही. पेशंटला सुट्टी झाली की आम्ही काय करतो? चादरी ओढून काढतो, गादी उलटी करतो, फिनाइलच्या पाण्यानं खाट पुसतो, आणि बंद खाट लावतो. बंद खाटेवर कोणी पेशंट आणत नाही.

रत्नदीप कामावर गेल्यावर मी सगळं तसं केलं. गादी उलटी करताना कंबर धरली. खाटेचे पाय पुसले. धुतलेली चादर घातली, चारही कोपरे दवाखान्यासारखे खोचले, वरची चादर उशीवरून ओढून झाकून टाकली. सुरकुती नाही. आणि मग मी, उपचाराला, नियमांना, सगळ्यांना शिव्या घालत, त्या झाकलेल्या खाटेवर वरूनच आडवी झाले.

किती बरं वाटलं सांगू! कूलरची हवा येत होती. पाठ टेकली. डोळे मिटले. आणि खरंच, होळीनंतर पहिल्यांदा, तो जडपणा वरून खाली उतरायला लागला. मी भिंतीकडे तोंड केलं.

माझ्या पाठीमागे कोणीतरी सरकलं.

धक्का दिला नाही. जागा करून दिली. भरलेल्या वॉर्डात एका खाटेवर दोन पेशंट ठेवायची वेळ येते, तेव्हा आधीचा पेशंट अंग चोरून सरकतो ना, तसं. गादी त्या बाजूला दबली, माझ्या बाजूला थोडी वर आली. मग तोच श्वास, आता माझ्या मानेशी.

मला उठून पळायचं होतं. तरी माझा उजवा हात मागे गेला. मी त्याला जा म्हटलं नव्हतं. त्यानं चादरीखाली चाचपून मनगट शोधलं, आणि दोन बोटं नाडीवर ठेवली. मनगट बारीक होतं, तापलेलं. नाडी लागली. संथ, भरलेली, झोपलेल्या माणसाची.

मी उठले. खुर्ची ओढली नाही, उचलून आणली, खाटेजवळ ठेवली आणि बसले. खाटेवर काही दिसत नव्हतं, चादर सपाट होती. संध्याकाळी रत्नदीप आला तेव्हा मी तशीच बसलेली होते.

"काय झालं वं?"

"काई नाई. ड्युटीवर जातो," मी म्हटलं, आणि कपडे बदलले. डोळ्यांतून पाणी येत होतं ते रागाचं होतं. रात्री दवाखान्यात ड्युटी आणि दिवसा घरात ड्युटी. मला कोण सुट्टी देणार?

७

नवऱ्याला का नाही सांगितलं? सांगितलं. तो रात्री त्याच खाटेवर झोपतो आणि त्याला काही होत नाही. "तुले झोप पायजे, बाकी काई नाई," म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. चार दिवस देवळीला सासूबाईंकडे जाऊन झोप, असंही म्हणाला. गेले. सासूबाईंनी माझ्यासाठी आतली खोली मोकळी करून दिली, दिराच्या पोरांना अंगणात हाकललं. मी आडवी झाले, झोप येईना, उठले, आणि हातांनी काय केलं ते मला सासूबाईंच्या ओरडण्यानं कळलं.

"अवं रक्षा, पांघरून पायाशी काऊन ठेवलं असं? कोन येनार हाय का?"

मी त्याच बसनं परत आले.

त्या आठवड्यात वॉर्डात मी सलाइनची बाटली संपलेली बघत बघत उभी राहिले. बघत होते, आणि मला ती दिसत नव्हती. नळीत हवा उतरायला लागली होती. खाटेवर एक बाळंतीण होती, तिचं दहा दिवसांचं पोरगं तिच्या कुशीत. सरितानं धावत येऊन नळी बंद केली.

या वेळी तिचेही हात थरथरत होते. "थूल सिस्टर, मी रोज तुमच्या मागं मागं फिरू का? माहे पेशंट पाहू का तुमाले पाहू?" मग माझा चेहरा बघून तिचा राग गेला. मला ड्युटी रूममध्ये बसवून तिनं चहा दिला. "तुमी थे उपचार सोडू नका. मीनं बी नाव देल्लं हाय, परवा नंबर हाय माहा. मले बी झोप येऊन नाई राह्यली, तुमच्या काळजीनं."

सकाळी निघताना मेट्रन मॅडम व्हरांड्यात भेटल्या. त्यांना सगळं कळलेलं होतं. "महिना अखेरपर्यंत बघू," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता पुढे गेल्या.

घरी येताना ऑटोत मी त्या बाळंतिणीचा विचार करत होते. तिला काही कळलंही नव्हतं. निघताना ती मला हसून म्हणाली होती, "येजा सिस्टर, आराम करजा."

८

त्या दिवशी केतकी मॅडमपुढे मी रडले. पेशंटचं नाव घेतलं नाही, पण एवढं म्हटलं, "त्या खोलीत मला एकटीला झोपता येत नाही. कोणीतरी बघायला पाहिजे."

तिनं ते मनावर घेतलं. चांगली होती, मी आधीच सांगितलं. "असं करू. आज तुम्ही समोरच्या खोलीत चटईवर झोपा. मोबाइल आत बेडसमोर ठेवा, मी कॉलवर थांबते. मी खोलीकडे लक्ष ठेवते, तुम्ही कसलीही काळजी करायची नाही. माझी पुढची अपॉइंटमेंट रद्द झाली आहे."

मी मोबाइल आत नेला. स्टुलावर, पाण्याच्या जगला टेकवून ठेवला, समोर खाट. चादर उशीपर्यंत होती. मी वळले आणि माझ्या तोंडून शब्द बाहेर पडायला लागले, रोज सकाळी पडतात तसे.

वॉर्ड सोडताना नर्स अशीच निघून जात नाही. पुढच्या ड्युटीची सिस्टर आली की तिला एकेका खाटेपाशी नेऊन पेशंट सांगावा लागतो, आणि तिनं घेतला म्हटल्याशिवाय तो आपलाच असतो. छत कोसळलं तरी आपलाच.

"पेशंट झोपून आहे," मी म्हटलं. "श्वास बरोबर आहे. नाडी बरोबर आहे. अंग थोडं तापलेलं आहे. उठवायचं नाही. एकटं सोडायचं नाही."

मोबाइलमधून हसण्याचा आवाज आला. तिला वाटलं मी बरी होते आहे, गंमत करते आहे. "ठीक आहे सिस्टर. घेतला चार्ज. जा, झोपा आता."

खांद्यावरून काहीतरी उतरलं. खरं सांगते, मला तेव्हा कळलं मी काय केलं ते. समोरच्या खोलीत पोचेपर्यंत मला पुरतं कळलं होतं. परत जाऊन मोबाइल उचलायला चार पावलं टाकायची होती. पण चटई समोर होती.

९

जाग आली तेव्हा खिडकीतून संध्याकाळचं ऊन भिंतीवर आलं होतं. तोंडाला लाळ, गालावर चटईचे वळ. हात समोर धरले. थरथर नाही. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत स्थिर, पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी होते तसे. मला हसूच आलं.

आतल्या खोलीत गेले. चादर पायथ्याशी घडी घातलेली होती. गादीवर हात ठेवला, थंड होती. खोलीत कूलरचा आवाज सोडून दुसरं काही नव्हतं.

कॉल चालूच होता. मोबाइल इतका तापला होता की हातात धरवेना.

केतकी मॅडम तशीच बसलेली होती, पण मोबाइलकडे पाठ करून. तिचा अंबाडा दिसत होता. तिच्यापलीकडे तिच्या खोलीतला दिवाण, फुलाफुलांच्या चादरीचा. चादर वर ओढलेली होती आणि खाली-वर होत होती. एका बाजूनं पाय बाहेर आला होता. पाय असावा. मी फार वेळ बघितलं नाही.

"मॅडम," मी म्हटलं.

ती वळली आणि तोंडावर बोट ठेवलं. तिचे डोळे मी ओळखले. होळीपासून रोज आरशात बघत होते.

"हळू बोला," ती कुजबुजली. "सिस्टर, मला घरी... म्हणजे घरीच आहे मी. पण मला उठता येत नाहीये. मी उठले की तो..." ती थांबली, मागे कान देऊन ऐकलं. "माझी ड्युटी बदलायला कोण येणार आहे?"

उत्तर सोपं होतं. मी येते, एवढंच म्हणायचं होतं. पेशंट माझा होता, खाट मी लावली होती. मी तोंड उघडलं. मला तो दंड दिसला, आणि ती बाळंतीण, आणि व्हरांड्यात माझ्याकडे न बघता गेलेल्या मेट्रन मॅडम. हात खाली होते, अजून स्थिर होते. मला ते तसेच हवे होते.

"सिस्टर, कोण येणार?"

"उद्या तुमच्याकडे एक नवीन नाव आहे ना," मी म्हटलं. "आमच्याच वॉर्डातली."

तिच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की मला बघवेना. "हो. आहे. काय नाव तिचं?"

मी नाव सांगितलं. आडनावही सांगितलं.

१०

ड्युटीवर गेले तेव्हा सरिता चार्ज घेत होती. तिनं मला नखशिखांत बघितलं आणि टाळीच वाजवली.

"मायबाई! झोपल्या वाटते आज तुमी! चेहरा कसा फुलून राह्यला!" तिनं माझे दोन्ही हात हातात घेऊन उलटेसुलटे करून बघितले. "पाहा, थरथर बी नाई. म्हनजे थे बाई खरंच चांगली हाय."

"चांगली हाय," मी म्हटलं.

"मीनं दुपारीच खोली झाडून ठेवली." ती खुश होती, पेशंटची फाइल छातीशी धरून हसत होती. "उद्या माहा नंबर हाय ना. आताच मेसेज आला तिचा. खाट आपन वॉर्डात लावतो तशीच लावून ठेवा म्हनते."

मी तिच्या हातातून औषधांचा ट्रे घेतला आणि पहिल्या खाटेकडे गेले. तिथल्या दुसऱ्या एका आजीनं दंड पुढे केला. मी नाव विचारलं, मनगटावरची नावाची पट्टी बघितली, डोस बघितला. सुई बरोबर गेली. आजीला दुखलंसुद्धा नाही.